धागा तुटला की माग थांबे : टोयोटा मोटारीची हकिकत

आमच्या कापडाच्या लाइनीत गाडीचा विषय निघाला की दोन सवाल ठरलेले असतात. पहिला, अ‍ॅव्हरेज किती देते? दुसरा, पाच-सात वर्षांनी विकायला काढली तर किती येतील? दुसऱ्या सवालाला टोयोटाची इनोव्हा जे उत्तर देते ते फार थोड्या गाड्या देतात, म्हणूनच महाग असूनही ती घेतली जाते. पण ज्या घराण्याने ही मोटार काढली त्याचा मूळ धंदा मोटारीचा नव्हता, मागाचा होता. ही गोष्ट आपल्या भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्या बंधूंपैकीही थोड्यांनाच ठाऊक आहे. या गाडीची खुबी आणि तिच्या मालकांचे बरे-वाईट अनुभव समजून घ्यायचे तर सुरुवात मागापासून करावी लागते, आणि माग तर आपल्या ओळखीचाच आहे.

सुताराचा मुलगा

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ साली जपानच्या शिझुओका प्रांतात झाला. आज तो गाव कोसाई शहरात मोडतो. वडील सुतार होते. त्या मुलखात घरोघर बायका हातमागावर सुती कापड विणीत. साकिची यांच्या घरीही तेच चाले. शिक्षण बेताचे, पण हातात सुतारकाम. त्यांनी लाकडी हातमागात सुधारणा केली आणि १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. पूर्वी धोटा फेकायला व फणी ठोकायला दोन्ही हात गुंतत. या मागावर एका हाताने काम होई. पाच वर्षांनी, १८९६ साली, त्यांनी लाकूड आणि लोखंड मिळून वाफेवर चालणारा यंत्रमाग तयार केला.

यापुढचा त्यांचा शोध माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. साधा यंत्रमाग हा आंधळा असतो. ताण्याचा एखादा धागा तुटला तरी तो चालतच राहतो. कारागिराचे लक्ष दुसऱ्या मागावर असले तर हात-दोन हात कापड तसेच खराब विणले जाते. आम्ही ग्रे कापड घेणारे लोक ताका उजेडात धरून उलगडतो तो ही चीर शोधण्यासाठीच. चीर दिसली की माल सेकंडमध्ये जातो आणि मीटरमागे दर कापला जातो. नुकसान कारखानदाराचे होते, मजुराची मजुरी कापली जाते आणि दोघांमध्ये कटकट होते ती वेगळीच. कापड एकदा विणले गेले की त्यातली खोड निघत नाही, लपवता मात्र येते.

साकिची यांनी माग असा केला की धागा तुटला तर तो आपोआप थांबावा. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्ती टांगलेली असते. धागा ताणलेला आहे तोवर पत्ती वर राहते. तुटला की पत्ती खाली पडते, खालच्या हलत्या पट्टीला अडते आणि माग जागच्या जागी उभा राहतो. बाण्याचा धागा तुटला तरी तसेच. १९२४ साली बाप-लेकांनी मिळून ‘टाइप जी’ नावाचा माग पूर्ण केला. त्यात ही खुबी तर होतीच, शिवाय कांडी संपत आली की माग न थांबवता नवा धोटा आपोआप आत ढकलला जाई. एक कामगार असे तीस ते पन्नास माग सांभाळू शके. आपल्याकडे साध्या मागांवर एका माणसाकडे किती माग देता येतात याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

१९२६ साली या मागांसाठी टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स ही कंपनी निघाली. १९२९ साली इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरने जगाला कापडाची यंत्रे विकली, त्याच मुलखातली सर्वांत नामांकित कंपनी आता जपानकडून मागाचे हक्क विकत घेत होती. त्याच काळात जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्यांना हैराण केले होते. त्याला स्वस्त मजुरी व येनचा पडता भाव ही कारणे होती तशी चांगली यंत्रेही होती. अखेर १९३३ साली सरकारने ब्रिटनबाहेरच्या परदेशी सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली. जपानने उलट आपला कापूस घेणे बंद केले. १९३४ साली दोन्ही सरकारांचा करार झाला तेव्हा कुठे हे भांडण मिटले.

ट्रक रस्त्यात बंद पडत

साकिची यांचे चिरंजीव किइचिरो टोकियोच्या विद्यापीठात शिकलेले इंजिनियर. त्यांना मोटारीचा नाद लागला. १९३३ साली त्यांनी माग कारखान्यातच मोटारीचे खाते उघडले आणि अमेरिकन शेव्हरोले गाडी आणून तिचा सांधा न् सांधा सुटा करून पाहिला. पेटंटच्या पौंडांतून मोटार उभी राहिली असे नेहमी सांगितले जाते. पण तेवढ्या पैशात मोटार होत नसते, शिवाय मंदी आल्यावर प्लॅटने रक्कम कमीही करून घेतली. दरअसल मोटारीचा भार माग कारखान्याने वाहिला. १९३४ साली त्याचे भांडवल दहा लाख येनवरून तीस लाख करण्यात आले ते याच कामासाठी. चालत्या धंद्यातून नव्या धंद्याला पैसा घालणे आपल्यालाही नवे नाही.

१९३५ साली पहिला ट्रक बाजारात आला तेव्हा त्याची अवस्था काय होती, हे आजच्या गाडीमालकांना सांगितले तर खरे वाटणार नाही. मागचा अ‍ॅक्सल तुटे, गाड्या रस्त्यात उभ्या राहत. विक्रीचे काम पाहायला शोतारो कामिया हे गृहस्थ जनरल मोटर्सच्या जपानमधल्या कंपनीतून आले होते. कंपनीने ठरवले की गाडी जिथे बंद पडेल तिथे माणूस पाठवायचा, दुरुस्त करून द्यायची आणि काय तुटले ते कारखान्याला कळवायचे. पुढच्या ट्रकमध्ये तो भाग बदललेला असे. १९३६ साली जपान सरकारने कायदा करून फोर्ड व जनरल मोटर्सचे हात बांधले, त्याचाही या कंपनीला मोठा फायदा झाला. हे आडपडद्याने सांगण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी पहिली मोटार आली. नावासाठी स्पर्धा घेतली तेव्हा २७ हजार सूचना आल्या आणि ‘टोयोडा’चे ‘टोयोटा’ झाले. जपानी लिपीत हे नाव आठ रेघांत लिहिले जाते आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. ऑगस्ट १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी वेगळी झाली.

युद्धानंतर कंपनी बुडता बुडता वाचली. उधारीवर विकलेल्या गाड्यांचे पैसे येईनात, बँका पाठीशी लागल्या, पगार थकले, संप झाला. सुमारे दोन हजार कामगारांना घरी जावे लागले आणि १९५० च्या जूनमध्ये किइचिरो यांनी जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले व अमेरिकन लष्कराने हजारो ट्रकांची मागणी दिली. कंपनी तरली, पण किइचिरो यांना ते फार दिवस पाहता आले नाही. मार्च १९५२ मध्ये ते वारले. त्यांच्या जागी अध्यक्ष झालेले ताइझो इशिदा हे माग कारखान्यातूनच आलेले होते.

दोरी ओढण्याचा हक्क

आता मागाचा तोच नियम मोटारीत कसा आला ते पाहू. ताइइची ओनो हे गृहस्थ १९३२ साली टोयोडांच्या सूतगिरणीत नोकरीला लागले आणि १९४३ साली मोटार कंपनीत आले. गिरणीत त्यांनी पाहिले होते की यंत्र स्वतः थांबणारे असेल तर त्याच्यासमोर माणूस पहारा देत उभा करावा लागत नाही. मोटारीच्या कारखान्यात मात्र एका यंत्रापुढे एक माणूस उभा असे. ओनोंनी एका माणसाकडे आधी दोन, मग तीन-चार यंत्रे दिली. कामगार कुरकुरले हेही नमूद करायला हवे. पुढे गाड्या जोडण्याच्या रांगेवरही हाच नियम लावला. रांगेजवळ एक दोरी असते. कुठल्याही कामगाराला खोट दिसली, बोल्ट नीट बसला नाही, तर त्याने ती ओढायची. वर दिवा लागतो, मुकादम येतो, आणि ठरल्या वेळात दोष निघाला नाही तर रांग थांबते. इतर कारखान्यांत रांग थांबवणारा नोकरी गमावून बसे. येथे दोष पाहूनही गाडी पुढे ढकलणारा चुकीचा मानला जाई.

दुसरा नियम मालाच्या साठ्याचा. जेव्हा हवा, जेवढा हवा, तेवढाच भाग कारखान्यात यावा, गोदामे भरून ठेवू नयेत. त्यासाठी प्रत्येक पेटीबरोबर एक चिठ्ठी फिरते, माल वापरला की चिठ्ठी परत जाते आणि तेवढाच माल पुन्हा येतो. गोदामात पडलेल्या मालात भांडवल कसे अडकते हे कापडवाल्यांना शिकवायला नको.

या पद्धतीचा धोका १ फेब्रुवारी १९९७ ला कळला. ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तो व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच येत असे आणि साठा जेमतेम काही तासांचा होता. टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने थांबले. मग दोनशेच्या वर लहान-मोठ्या कारखानदारांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह करून दिला. त्यात शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा होती! आठवड्याभरात काम पुन्हा सुरळीत होऊ लागले. पुरवठादाराला वर्षानुवर्षे बरोबर घेऊन चालणाऱ्याला अडचणीच्या वेळी अशी मदत मिळते.

आखातातले गिऱ्हाईक

टोयोटाचा लौकिक मालकांनी केला, आणि त्या मालकांत अरब मुलखाचा वाटा मोठा आहे. १९५७ साली कंपनीने आपली क्राउन मोटार अमेरिकेत नेली आणि हात पोळून घेतले. लांबलचक हमरस्त्यांवर वेगात गाडी थरथरे, इंजिन तापे. १९६० साली ती निर्यात थांबवावी लागली. तग धरली ती लँड क्रूझरने. ही गाडी १९५१ साली लष्करी जीपच्या धर्तीवर तयार झाली होती आणि चाचणीत फुजी डोंगराच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढली होती.

जेद्दाह शहरात अब्दुल लतीफ जमील नावाचे व्यापारी १९४५ पासून पेट्रोल पंप चालवीत होते. १९५५ साली त्यांनी टोयोटाची एजन्सी घेतली. त्या वेळी सौदी अरबमध्ये पक्के रस्ते तुरळक, आणि बाजारात नाव अमेरिकन गाड्यांचे. दुबईकडे अल-फुतैम घराण्यानेही त्याच वर्षी एजन्सी घेतली. तेलाचा पैसा तेव्हा आजच्यासारखा वाहत नव्हता. वाळू, उष्मा व खडक यांतून गाडी परत येते का, एवढेच गिऱ्हाईक पाहत असे. आलीच नाही तर सुटा भाग कुठे मिळेल, हा पुढचा सवाल. दोन्ही घराणी आज मोठे उद्योगसमूह आहेत आणि एजन्सी अजून त्यांच्याकडेच आहे.

आपल्या रत्नागिरी, रायगडचे कितीतरी लोक १९७० नंतर आखातात ड्रायव्हर, मेकॅनिक म्हणून गेले. त्यांच्या बोलण्यात लँड क्रूझर आणि हायलक्स पिकअप या दोन गाड्या हटकून येतात. त्यांचे सांगणे साधारण एकाच प्रकारचे असते. गाडीत काही भपका नाही, सीट कडक, आवाज फार. पण एअर फिल्टर झाडत राहा, पाणी व ऑइल वेळेवर बघा, मग ती दगा देत नाही. बिघडली तर पान्यांच्या एका पिशवीवर काम भागते. हायलक्स १९६८ साली आली. १९८७ साली चाड देशाच्या सैनिकांनी अशाच पिकअपवर तोफा बसवून लिबियाच्या रणगाड्यांना पळवून लावले. त्या लढाईला ‘टोयोटा युद्ध’ असेच नाव पडले. २०१९ पर्यंत एक कोटी लँड क्रूझर विकल्या गेल्या होत्या, आणि कोरोला मोटारीचा आकडा २०२१ साली पाच कोटींवर गेला.

आपल्या देशात

हिंदुस्थानात टोयोटा पहिल्यांदा आली ती दिल्लीच्या डीसीएम कंपनीबरोबर, १९८०च्या दशकात, डायना या लहान ट्रकच्या रूपाने. डीसीएम म्हणजे दिल्ली क्लॉथ मिल्स, म्हणजे येथेही कापडच! ट्रक बरा होता, पण १९८५ नंतर येन महाग होत गेला आणि जपानहून येणाऱ्या सुट्या भागांची किंमत परवडेना. पुढे १९९०च्या दशकात ती कंपनी कोरियाच्या देवूकडे गेली.

दुसऱ्या वेळी किर्लोस्करांचा हात धरला. बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान, मग लोखंडी नांगर, मग किर्लोस्करवाडी, हा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण या दोन घराण्यांनी एकत्र पहिल्यांदा मोटार काढली नाही. १९९५ साली त्यांनी किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाइल मशिनरी ही कंपनी काढली व बंगळूरजवळ सूतगिरणीच्या रिंग फ्रेम बनवायला घेतल्या. मोटारीची कंपनी १९९७ साली निघाली आणि बिडदीच्या कारखान्यातून २०००च्या जानेवारीत क्वालिस बाजारात आली.

क्वालिस आली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या रूपाची थट्टाच केली. डबा दिसते, जुनी इंडोनेशियन गाडी नवीन म्हणून विकतात, ७५ हॉर्सपॉवरचे इंजिन घाटात दमते, असे बरेच काही. त्यात खोटे काही नव्हते. पण टुरिस्टवाल्यांनी, मोठ्या कुटुंबांनी आणि आमच्यासारख्या फिरत्या व्यापाऱ्यांनी ती उचलून धरली. आठ-दहा माणसे बसत, मागची सीट दुमडली की सॅम्पलचे गठ्ठे मावत, आणि तीन-चार लाख किलोमीटरपर्यंत इंजिन न उघडलेल्या क्वालिस आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. गाडी जोरात खपत असतानाच २००५ साली कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली. बाजारातल्या जाणत्यांनीही कपाळाला हात लावला. चालता माल कोण बंद करतो? पण इनोव्हाने क्वालिसची जागा भरून काढली.

इनोव्हाबद्दल मालक काय म्हणतात? लांबच्या प्रवासात कंबर दुखत नाही. नाशिक ते इंदूर रात्रभर चालवून सकाळी पेढीवर बसता येते. भरल्या गाडीने घाट चढताना डिझेल अकरा-बाराच्या पुढे सहसा देत नाही, पण त्याची तक्रार कमी. तक्रार असते ती किमतीची, क्लचच्या खर्चाची आणि खराब रस्त्यावर पुढच्या सस्पेन्शनचे रबर बुश बदलावे लागतात त्याची. गावातल्या अरुंद गल्लीत ती वळत नाही, हेही खरे. २०१६ साली क्रिस्टा आली आणि किंमत आणखी वर गेली. नंतरची हायक्रॉस ही मुळातच वेगळी गाडी आहे. तिला वेगळा सांगाडा नाही, पुढची चाके ओढतात आणि इंजिन पेट्रोलचे आहे. जुन्या इनोव्हाचा अनुभव तिला लावून सौदा करू नये.

प्रत्येक गाडी चाललीच असे नाही. २०१०च्या अखेरीस आलेली इटिओस खास आपल्या देशासाठी बनवली होती. मजबूत होती, डिझेल चांगली चाले, २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला चार तारे मिळाले. पण आतले प्लास्टिक हलके, वेगाचे मीटर मधोमध, एकंदर रूप साधे. एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला घरासमोर उभी करायला शोभिवंत गाडी हवी होती. शेवटी ती टॅक्सीवाल्यांची गाडी झाली आणि २०२० साली बंद पडली. माल चांगला असला तरी गिऱ्हाइकाच्या नजरेत बसला पाहिजे, हे कापडाच्या दुकानात रोज दिसते.

दोरी ओढली नाही तेव्हा

इथवर वाचून कोणाला ही टोयोटाची जाहिरात वाटेल. तशी ती नाही. ज्या कंपनीने धागा तुटताच थांबण्याचा नियम जगाला दिला, तिच्याच हातून तो पुन्हा पुन्हा मोडला गेला आहे, आणि तेव्हा भुर्दंड मालकांनी भरला.

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पायपुसण्यात अडकला, गाडी थांबेना आणि चार माणसे गेली. पायपुसणे दुसऱ्या मॉडेलचे बसवले होते. त्यानंतर पायपुसण्यांसाठी सुमारे ३८ लाख गाड्या आणि अडकून राहणाऱ्या पेडलसाठी आणखी २३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जानेवारी २०१० मध्ये आठ मॉडेलांची विक्रीच थांबवली. फेब्रुवारीत साकिची यांचे पणतू अकिओ टोयोडा, जे तेव्हा अध्यक्ष होते, अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभे राहिले आणि कबूल केले की कंपनी फार वेगाने वाढली. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दोष आहे का हे नासाच्या इंजिनियरांनी तपासले, त्यांना तसा दोष सापडला नाही. पण मार्च २०१४ मध्ये कंपनीने १२० कोटी डॉलर भरले. ते दोषासाठी नव्हते, दोषाबद्दल गिऱ्हाइकांना दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल होते.

अमेरिकेतल्या टॅकोमा पिकअपचा सांगाडा गंजून जाई. इंजिन ठणठणीत आणि खालचे लोखंड पोखरलेले. २०१६ साली तडजोड होऊन सांगाडे बदलून देण्याचे ठरले. ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०२० मधल्या हायलक्स, फॉर्च्युनर व प्राडो या अडीच लाखांहून जास्त डिझेल गाड्यांचा धुराचा फिल्टर चोंदत असे. मालक कोर्टात गेले आणि २०२२ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला.

आणि आता मागाकडे परत येऊ. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्या दाइहात्सु कंपनीत गाड्यांच्या सुरक्षा-चाचण्यांत वर्षानुवर्षे लबाडी चालल्याचे उघड झाले. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, डिझेल इंजिनांच्या चाचणीतली लबाडी निघाली. इंजिनाची ताकद मोजताना बाजारात जाणाऱ्या इंजिनापेक्षा वेगळे सॉफ्टवेअर लावले होते. ही इंजिने बनवणारी कंपनी टोयोटा इंडस्ट्रीज, म्हणजे १९२६ सालची तीच माग कंपनी, नाव बदललेली! दहा मॉडेलांची रवानगी थांबली. आपल्याकडे क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स काही काळ कारखान्यातून सुटल्या नाहीत. गाड्या नियमात बसतात, चालवायला हरकत नाही, असे कंपनीने सांगितले व फेब्रुवारीत रवानगी पुन्हा सुरू झाली. कामगारांवर मुदतीचा दबाव होता, वरच्यांना अडचण सांगायची सोय नव्हती, हे दाइहात्सुच्या चौकशीत पुढे आले. दोरी होती, पण ओढणाऱ्याला भीती वाटत होती.

घेताना काय पाहावे

आज टोयोटाचा बिल्ला असलेली प्रत्येक गाडी टोयोटाने बनवलेली नसते, हे आधी लक्षात घ्यावे. २०१९ साली आलेली ग्लान्झा ही दरअसल सुझुकीची बलेनो आहे. उलट मारुतीची इन्व्हिक्टो म्हणजे टोयोटाची हायक्रॉस. सुझुकी कंपनीही मागवालीच. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हामामात्सु शहरात मागाचा कारखाना काढला होता आणि हामामात्सु व कोसाई ही शेजारची गावे. ग्लान्झा वाईट आहे असे मुळीच नाही, पण क्वालिसच्या नावावर भरवसा ठेवून कोणी तिला जास्त पैसे देऊ नयेत. दोन्ही शोरूममध्ये जाऊन भाव, वॉरंटी आणि सर्व्हिसचा खर्च शेजारी-शेजारी मांडावा.

जुनी इनोव्हा घेणाऱ्यांनी जास्तच सावध राहावे. या गाडीचा इतबार मोठा म्हणून तिच्यात फसवणूकही मोठी. टुरिस्टमध्ये चार लाख किलोमीटर पळालेली गाडी खासगी पासिंग करून, मीटर मागे फिरवून, ऐंशी हजारांची म्हणून विकली जाते. आमच्या एका परिचिताला मुंबईच्या एका दलालाने अशीच गाडी दाखवली होती. क्लच, ब्रेक आणि स्टिअरिंगवरची झीज पाहून जुन्या मेकॅनिकने दोन मिनिटांत सांगितले की आकडा खोटा आहे. शोरूमच्या सर्व्हिसची नोंद गाडीच्या नंबरवरून निघते, ती मागावी. आरसीवर आधी टॅक्सीचा परवाना होता का ते आरटीओत पाहून घ्यावे. लिफ्टवर चढवून खालचा सांगाडा बघावा. रत्नागिरी, अलिबागसारख्या खाऱ्या हवेत वावरलेली गाडी असेल तर हे काम चुकवू नये. बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला हातात आल्याशिवाय बयाणा मोठा देऊ नये.

लहान कारखानदारांसाठी आणखी एक बातमी. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे वीस हजार कोटी रुपयांच्या कारखान्याचा सामंजस्य करार केला. ज्यांच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, प्रेस आहे, सीट-कव्हर शिवण्याची सोय आहे, त्यांना थेट कंपनीचे काम मिळणार नाही, ते पहिल्या-दुसऱ्या फळीच्या पुरवठादारांमार्फतच येते. असे पुरवठादार भावाच्या आधी एक गोष्ट विचारतात : खराब निघालेला भाग तुमच्याकडे कोण थांबवतो, आणि त्याची नोंद कुठे आहे? ती वही आजपासून ठेवायला पैसे लागत नाहीत.